टेबल चारवरचा नमस्कार

४ मार्च, मंगळवार

बर्फ पुन्हा. नदीच्या पुलावर ट्रक आडवा झालेला, शॉमबर्गहून येणारे सगळे अडकले. तरी सातच्या आत खुर्चीत.

नोकरी तीच. कॅसिनोच्या वरच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत बसून खालच्यांचे हात बघणं. चेहरे नाही, हात. डोना म्हणते (आमची सुपरवायझर, पूर्वी स्वतः पत्ते वाटायची), "चेहरा खोटं बोलायला शिकतो, हातांना जमत नाही." भाषांतर माझं, मुळात मधे एक शिवी होती, तिला मराठीत तेवढा भारदस्त प्रतिशब्द नाही.

पुण्यात संस्कृत शिकवायचो तेव्हा कॉपी करणाऱ्यांचे हात मागच्या बाकापर्यंत दिसायचे नाहीत. आता इथे अमेरिकेत दिसतात. याला प्रगती म्हणायचं.

आज चार नंबरच्या टेबलावर शुभांगीवहिनी. प्रमोदची बायको, नागपूरची. प्रमोद आणि अ. (अनघा, माझं कुटुंब) पूर्वी एका कंपनीत होते. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला प्रमोदची नोकरी गेली, तेव्हा वहिनींनी डीलरचा, म्हणजे पत्ते वाटण्याचा, कोर्स केला आणि लागल्या त्या आमच्याच इथे. मी वर आहे हे त्यांना माहीत नाही. कुणालाच नाही, अ. सोडून. आमचं दार वेगळं, पार्किंग वेगळं, खालच्यांशी उठबस नको, असा दंडक. इथल्या मराठी मंडळात मी "हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये" असतो. आणि वीकेंडला गुरुजी. लोकांना दोन्हीत विसंगती वाटत नाही.

नियम असाही आहे की खाली ओळखीचं माणूस लागलं तर लगेच कळवायचं. मग तुम्हाला दुसऱ्या पाळीत टाकतात, बहुधा रात्रीच्या. कळवायचं राहिलं.

राहिलं नाही, कळवलं नाही. रात्रपाळी नको होती हे एक. दुसरं असं की बघायला बरं वाटायचं. मंडळात पोहे वाढताना ज्यांचा आवाज पलीकडच्या खुर्चीपर्यंत जात नाही, त्या बाई इथे एक भुवई वर करून दारुड्या दांडगटाला गप्प बसवतात. प्रमोदला हे कधी दिसणार नाही. मला फुकट दिसतं.

६ मार्च, गुरुवार

डीलरच्या हाताचं सोवळं फार कडक. चिपला, म्हणजे पैशांऐवजी खेळात वापरतात त्या चकतीला, हात लागला की तो स्वतःच्या अंगाकडे न्यायचा नाही. नाक खाजलं तरी आधी दोन्ही तळवे उलटेसुलटे करून कॅमेऱ्याला दाखवायचे, मग नाक.

सकाळी टेबल उघडलं. पहिलं गिऱ्हाईक नेहमीचा टोपीवाला म्हातारा. त्याची पहिली चिप वहिनींनी उचलली, निमिषभर कपाळाला लावली, मग ठेवली. बोहनी. मंडईतली भाजीवाली करते तेच. त्या रोजच करतात. मी रोजच बघतो. मला त्यात काही दिसत नाही, कारण मला त्यात सगळं दिसतं.

आज नेमकी डोना माझ्या खुर्चीमागे कॉफी घेऊन.

"हे काय होतं?"

"काय?"

"कपाळाला लावलं ते. मागे घे."

मागे घेतलं. पुन्हा बघितलं. चिप कपाळाला, आणि लगेच म्हाताऱ्याने पैज वाढवली. डोना वाकून बघत होती. डीलर आणि गिऱ्हाईक मिळालेले असले की असंच काहीतरी असतं: कान खाजवणं, बांगडी मागे सारणं. खूण.

"तुमच्याकडचीच आहे ना ही? काय आहे हे?"

"सांगता येत नाही," म्हणालो.

का म्हणालो? सांगितलं असतं तर तिचा पुढचा प्रश्न असता, ओळखतोस का. तो प्रश्न मला कॉफीच्या वाफेत लिहिलेला दिसत होता. म्हणून आधीच्याचं उत्तर दिलं नाही. प्रश्न आला नाही. सुटलो असं वाटलं, साधारण पार्किंगपर्यंत.

७ मार्च, शुक्रवार

डोनाने काम दिलं: चार नंबरच्या जुन्या फीती काढ, ती बाई हे किती वेळा करते बघ, ओळीने लाव, रिपोर्ट लिही. "तू नीट लिहितोस," म्हणाली. खरं आहे. तिच्या खोलीत व्याकरण येणारा मी एकटा.

रिपोर्टचा नियम: दिसलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका. म्हणजे प्रत्यक्ष चालेल, अनुमान नको. न्यायशास्त्र शिकवताना सगळी टर्म जे मुलांच्या गळी उतरलं नाही ते या बाईने एका ओळीत चिकटवलं आहे भिंतीवर.

मग तसंच लिहिलं. "डीलर चिप उचलते. हात न दाखवता कपाळाकडे नेते. चिप टेबलावर ठेवते. खेळाडू पैज वाढवतो." खोटं एक अक्षर नाही. म्हातारा पैज रोजच वाढवतो, वहिनी नसतानाही, हेही खरं. पण ते कुणी विचारलं नव्हतं. मी संध्याकाळी घरी येताना हे सगळं मनातल्या मनात फार व्यवस्थित मांडत होतो. जेव्हा मी फार व्यवस्थित मांडतो तेव्हा

अ. ने विचारलं, काय झालं. म्हटलं काही नाही, ट्रॅफिक.

९ मार्च, रविवार

लायब्ररीच्या तळघरात मुलांचा श्लोकवर्ग. जोशांच्या ईशानचा पाय पुस्तकाला लागला. माझं नेहमीचं सुरू झालं: नमस्कार कर, कपाळाला लाव.

"But it's just a book, काका."

मग मी सविस्तर. आपण ज्याच्यावर जगतो त्याला पाय लावत नाही, चुकून लागला तर माफी मागतो, आणि दिवसाची पहिली मिळकत हातात आली तर तिलाही आधी नमस्कार करतो. जगात कुठेही गेलात तरी हे करायला लाजू नका, म्हणालो. शब्दशः हेच म्हणालो. आवाजही जरा लागला होता.

अ. मागे चटया गोळा करत होती. तिला काल रात्री जेवताना सगळं सांगितलं होतं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "वर्ग छान झाला." इतकंच. तिच्या "छान" मध्ये बरंच काही मावतं.

११ मार्च, मंगळवार

वहिनींना टेबलावरून उठवलं.

मला माहीत होतं आज होणार. दुसऱ्या टेबलांकडे बघायचं ठरवलं होतं. बघितलं चारच नंबरकडे. फ्लोअरचा मॅनेजर आला, कानात काही बोलला. त्यांनी मान हलवली, पत्ते नीट जागेवर ठेवले, आणि कोर्समध्ये शिकवतात तसे तळवे उलटेसुलटे करून कॅमेऱ्याला दाखवले. सावकाश, सगळं नियमाला धरून. मग गेल्या. तळवे मलाच दाखवले. म्हणजे कॅमेऱ्याला. कॅमेऱ्याच्या या बाजूला मीच होतो.

डोना म्हणाली, गुड वर्क.

चौकशी होईपर्यंत बिनपगारी घरी. त्या म्हाताऱ्याला मिळालेल्या निघाल्या तर नोकरी तर जाईलच, पण डीलरचं लायसन्सही जाईल, म्हणजे दुसऱ्या कुठल्या कॅसिनोतही उभं करणार नाहीत. घराचा मेडिकल इन्शुरन्स सध्या त्यांच्या नोकरीवर चालू आहे, प्रमोदच्या औषधांसकट. हे मला माहीत आहे, कारण दिवाळीला त्याच्याच गाडीत बसून त्याने मला सांगितलं होतं.

१२ मार्च, बुधवार

वहिनींचा फोन. अ. ला असेल म्हणून तिच्याकडे द्यायला निघालो तर म्हणाल्या, "नाही भाऊजी, तुमच्याशीच काम होतं. काय करून राहिले? बिझी आहे काय?"

नाही म्हटलं.

"शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण करून देता काय? पौर्णिमा शुक्रवारी आहे, पण शुक्रवारी कोण येते इथं."

अमेरिकेत पौर्णिमा वीकेंडला उगवते, असं म्हणालो. हसल्या. मग आवाज बदलला. नोकरीत जरा भानगड झाली, म्हणाल्या. काय ते सांगितलं. "मी तर काहीच केलं नाही न. पहिली चिप डोक्याला लावते, तेवढंच. आई दुकानात करायची म्हणून. वरून कोणीतरी बघत बसलेलं असते म्हणे. त्याला आपलं काय समजणार, बिचाऱ्याला."

बिचाऱ्याने हो म्हटलं. नाही म्हणायला कारण शोधत होतो, बिलिंगचं काम वगैरे, पण त्याच्याआधी हो निघून गेलं.

१५ मार्च, शनिवार

पूजा केली.

संकल्पात देश-काल सांगावा लागतो, आणि इथल्या हौशी गुरुजींमध्ये अमेरिका नक्की कुठल्या द्वीपात यावरून दोन तट आहेत. मी क्रौंचद्वीपवाला. प्रमोदला हे भांडण फार आवडतं, तो मुद्दाम उकरून काढतो. "गुरुजी, शेजारचे कुलकर्णी काका वेगळंच द्वीप म्हणतात, देवाला कन्फ्युजन होणार नाही का?" म्हटलं, देवाकडे जीपीएस आहे. सगळे हसले. मीही.

मग हेतू. संकल्पात मोठ्याने उच्चारायचा असतो, पूजा कशासाठी. वहिनी म्हणाल्या, "नोकरीतलं विघ्न जाऊ दे, असं म्हणा." मी जागच्या जागी बनवलं: जीविकाविघ्ननिवारणार्थम्. समास बिनचूक. विघ्न समोरच आसनावर मांडी घालून बसलं होतं आणि पळीने पाणी सोडायला सांगत होतं.

त्यांनी माझ्या सांगण्यावर डोळे मिटले, हात जोडले. मी उघड्या डोळ्यांनी त्यांच्या हातांकडे बघत होतो. सवय.

कथा वाचताना दोनदा अडखळलो. प्रमोद म्हणाला, "गुरुजी, दमलात." रियाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, पाणी आणून दिलं. "You okay, काका?"

दक्षिणा घेतली नाही. यावर वहिनींनी जो आग्रह केला तो लिहीत नाही. शेवटी शिऱ्याचा डबा हातात दिला. डबा अजून फ्रिजमध्ये आहे. मी खाल्ला नाही, अ. ही खात नाही, आणि प्रसाद टाकता येत नाही.

१६ मार्च, रविवार

अ. बोलली. भांडण नाही, ती भांडते तेव्हा आधी भांडी घासते, आज डिशवॉशर लावला होता.

"तू वर्गात मुलांना मौनव्रत शिकवतोस ना?"

"हो."

"तुझं मौन कधी व्रत असतं आणि कधी सोय असते, ते मला या वयात कळतं. तुला कळतं का?"

म्हटलं, सांगितलं तर माझी नोकरी जाईल.

"जाईल. आपल्याकडे माझी आहे. त्यांच्याकडे कोणाची आहे?"

यावर मी साक्षीभावाबद्दल काहीतरी म्हणालो. म्हणजे साक्षी जो असतो तो नुसता बघतो, कर्म त्याला चिकटत नाही. अ. शांतपणे म्हणाली, "अरे, पण साक्षीला पगार नसतो." आणि वर झोपायला गेली.

२० मार्च, गुरुवार

टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या खेळाची दुसऱ्यांकडून तपासणी झाली. वावगं काही सापडलं नाही. मला वाटलं संपलं. डोना म्हणाली, "सापडलं नाही याचा अर्थ नीट लपवलं आहे." मीमांसक अनुपलब्धी, म्हणजे न सापडणं, हेही प्रमाण मानतात; इथे मानत नाहीत.

संध्याकाळी वहिनी घरी. पुढच्या शुक्रवारी चौकशीची मीटिंग. सोबत कोणाला नेलं तर चालतं.

"ह्यांना नेलं तर हे भांडतील. भाऊजी, तुम्हीच चला न. तुम्ही गुरुजी, इंग्लिश पण चांगलं. त्यांना समजावून सांगा की हे देवाचं आहे, खूण-बिण नाही."

मी अ. कडे बघितलं. अ. चहा गाळत होती. गाळणीतली पावडर निथळून कोरडी झाली तरी ती गाळतच होती.

बघतो, म्हणालो. वहिनींनी ते "येतो" असं ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला. ओढणी होती. पदरासारखी लावली.

२३ मार्च, रविवार

वर्ग घेतला नाही. घसा धरला असं कळवलं.

मी त्यांच्याबरोबर त्या खोलीत गुरुजी म्हणून शिरलो, तर समोर डोना. नाही गेलो, तर वहिनी एकट्या, आणि चिप कपाळाला का लावतात हे इंग्रजीत सांगताना त्यांची जीभ वळणार नाही, हे मला माहीत आहे. जे सांगायचं ते मला एका वाक्यात येतं. त्या दिवशीही येत होतं.

रात्रपाळी टाळण्यासाठी. खरं म्हणजे एवढ्यासाठीच. लिहून बघितलं की किती लहान दिसतं.

२५ मार्च, मंगळवार

डोनाला सांगितलं.

सकाळी, कोणी यायच्या आत. ओळखतो. पहिल्या दिवसापासून ओळखतो. त्यांच्या घरी पूजा सांगतो. ते कपाळाला लावणं म्हणजे दिवसाच्या पहिल्या मिळकतीला केलेला नमस्कार आहे, आमच्याकडे दुकानदार करतात. म्हातारा रोजच पैज वाढवतो, जुन्या फीती बघ, त्या नसतात तेव्हाचीही.

ती ओरडेल असं धरून गेलो होतो. ओरडली नाही.

"मी विचारलं तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो."

"क्लिप्स लावताना?"

"हो."

बराच वेळ पेनाचं टोपण उघडबंद. मग म्हणाली, ती डीलर होती तेव्हा प्रत्येक शिफ्टला पहिला पत्ता वाटण्याआधी छातीवर क्रॉस करायची. तिच्या मॅनेजरने एकदाच सांगितलं: आधी तळवे दाखव, मग देवाचं काय ते कर. "या मजल्यावर प्रार्थना करणारे कमी नाहीत. तू सांगितलं असतंस तर मी तिला जाऊन तेवढंच सांगितलं असतं. एका मिनिटाचं काम."

तिने पेन खाली ठेवलं.

"आणि आता ऐक. त्या दिवशी तू बोलला असतास तर तू साक्षीदार होतास. आज तू तिचा मित्र आहेस, लपवून ठेवलेला. आता लोक विचारणार, खालच्या बाईचा माणूस वर बसला होता, मग खूण नक्की कोणाकोणात होती?"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सगळे दिवस मी सांगितलं तर माझं काय होईल याचाच हिशेब मांडत होतो. त्यांचं याने आणखी बिघडेल, हे एकदाही नाही. संस्कृतात एम.ए.

बॅज काढून घेतला. चौकशी होईपर्यंत घरी. वेगळ्या दारातून बाहेर पडलो, नेहमीसारखा.

२६ मार्च, बुधवार

घरी. अ. ऑफिसला गेली. जाताना डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा. त्यामुळे जास्त

वहिनींना फोन लावायचा. दोनदा नंबर काढला. मग गराज झाडलं.

२७ मार्च, गुरुवार

गराज पुन्हा झाडलं.

ठरलं होतं की मीटिंगच्या आधी त्यांना सांगायचं. त्यांचाच मेसेज आला: "भाऊजी उद्या नका येऊ. त्यांनी सांगितलं की एकटीनेच या. काही नवीन निघालं म्हणे. देव पाहून घेईल 🙏". खाली अंगठा टाकला मी. अंगठा.

२८ मार्च, शुक्रवार

दुपारी वहिनींचा फोन. मीटिंग संपवून गाडीतूनच. अ. आज घरून काम करत होती. मी स्पीकरवर टाकला, का कोण जाणे. एकट्याने ऐकवेना म्हणून.

निकाल लागलेला नाही. फाइल लायसन्स देणाऱ्या गेमिंग बोर्डाकडे जाणार, तिथे ठरेल. नोकरी राहील की नाही कोणी सांगत नाही. पण आवाज मात्र उजळलेला.

"भाऊजी, ऐका न. तिथं वर, कॅमेऱ्याच्या खोलीत, आपल्यातलं कोणीतरी आहे! मराठी माणूस! त्यानं सांगितलं म्हणे त्यांना, की मी नमस्कार करते. स्वतःहून गेला सांगायला. त्याची पण नोकरी जाऊ शकते म्हणत होती ती बाई. नाव नाही सांगितलं."

मी "अच्छा" म्हणालो. खरोखर म्हणालो.

"मी ओळखतही नाही न त्याला. कोण कोणासाठी एवढं करते आजकाल? तुम्ही तर मंडळात सगळ्यांना ओळखता. पूजेला सगळ्यांच्या घरी जाता. कोण असेल हो? मला त्याच्या घरी जाऊन पाया पडायचं आहे."

"वहिनी," म्हणालो.

"फोनवर नको. मी इकडेच येऊन राहिली, तुमच्याच एक्झिटला आहे. बसून विचार करू, कोण कोण असू शकते. अनघाला म्हणा चहा टाक."

ठेवला.

अ. ने लॅपटॉप मिटला. उठून चहाचं आधण ठेवलं. तीन कप काढले. मी म्हटलं, तू आधी थोडं बोलशील का, जरा अंदाज देशील का त्यांना. तिने साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं, आत बघितलं, पुन्हा लावलं.

मग हे लिहायला बसलो, कारण हात रिकामे ठेवता येत नाहीत. खिडकीतून ड्राइव्हवे दिसतो. त्यांची निळी गाडी वळली. उतरल्या. आरशात बघून टिकली सारखी केली, म्हणजे आनंदात आहेत. हातात कसलीतरी पिशवी.

बेल.

अ. ओट्याजवळून, मागे न बघता: "दार तू उघड."